हान्स मॅट्सनच्या मागावर : मिनेसोटातले चार दिवस

हान्स मॅट्सन १८३२ साली स्वीडनच्या दक्षिणेला, स्कोने प्रांतातल्या ओनेस्टाड गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मला. १८५१ मध्ये तो अमेरिकेत उतरला, १८५३ मध्ये मिनेसोटाच्या माळावर त्याने जमीन धरली आणि १८७० मध्ये त्याच राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट झाला. राज्याच्या पातळीवर या पदाचा परराष्ट्र खात्याशी संबंध नसतो. निवडणुकीचे निकाल, कायद्यांच्या मूळ प्रती, कंपन्यांची नोंदणी, राज्याची मुद्रा, सगळं याच कचेरीत. मिनेसोटात राज्यभरच्या मतदानातून अशा पदावर गेलेला तो पहिला स्कँडिनेव्हियन. पुढे १८८१ ते १८८३ या काळात तो कलकत्त्याला अमेरिकेचा कॉन्सल जनरल होता.

सतरा वर्षांत नांगरापासून राज्याच्या मुद्रेपर्यंत माणूस कसा पोचतो, हे त्याच्या चरित्रातल्या तारखा वाचून नीट कळत नाही. जागा क्रमाने पाहिल्या की कळतं. नदीचा धक्का, टेकडीवरचं चर्च, किल्ला आणि राजधानी सेंट पॉल. पहिली तिन्ही ठिकाणं सेंट पॉलपासून दीड तासाच्या आत आहेत. चार दिवस पुरतात.

मे ते ऑक्टोबर हा काळ धरावा. एप्रिलपर्यंत बर्फ पडू शकतो आणि मॅट्सनच्या वसाहतीच्या, म्हणजे व्हासाच्या, बाजूचे खडीचे रस्ते वितळत्या बर्फात चिखलाचे होतात. सप्टेंबरअखेर पानं रंगतात तेव्हा शनिवार-रविवारी नदीकाठच्या रस्त्यावर गर्दी असते, तिथल्या रेड विंग गावात खोल्याही मिळत नाहीत. म्हणून मधले वार चांगले, फक्त सोमवार टाळावा, कारण बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. गाडी हवीच.

पहिला दिवस : रेड विंग

सेंट पॉलहून यूएस ६१ या रस्त्याने हेस्टिंग्जमार्गे रेड विंग ऐंशी-नव्वद किलोमीटर. ॲमट्रॅकची रेल्वेही आहे आणि स्टेशन अगदी नदीकाठी आहे, पण इथे एक अडचण येते. एम्पायर बिल्डर ही गाडी पश्चिम किनाऱ्यावरून येते, त्यामुळे शिकागोकडे जाताना ती तासन्‌तास उशिरा येऊ शकते. सेंट पॉलहूनच सुटणारी बोरिअॅलिस त्या मानाने भरवशाची. मात्र रेल्वेने आलेल्याला दुसऱ्या दिवशी व्हासाला जायला वाहन मिळत नाही, म्हणून रेल्वेचा पर्याय फक्त रेड विंगपुरता.

स्टेशनाच्या मागेच लेव्ही पार्क आहे. मॅट्सनच्या काळातला धक्का याच काठावर होता. १८५३ मध्ये रेल्वे मिसिसिपीपर्यंत पोचलीच नव्हती. रॉक आयलंडला ती १८५४ च्या फेब्रुवारीत आली. मॅट्सनचं कुटुंब इलिनॉयमध्ये मोलीनला राहत होतं. तिथून वर यायला आगबोट हाच मार्ग होता आणि तोही वर्षातले सात-आठ महिनेच. रेड विंगच्या खालच्या अंगाला नदी रुंद होऊन लेक पेपिन तयार होतो. त्याचा बर्फ सगळ्यांत शेवटी, साधारण एप्रिलच्या मध्याला फुटतो. तोवर वरच्या गावांना ना पीठ ना पत्र. उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या माणसाला त्यामुळे पेरणीचा विचार करायचाच नसे. आधी गवत कापायचं, निवारा करायचा आणि हिवाळा काढायचा.

पण ही जमीन त्याला मिळाली कशी? तो बॉस्टनला उतरला १८५१ च्या जूनअखेर. त्याच उन्हाळ्यात, ५ ऑगस्टला, मेंडोटा इथे डकोटा या मूळ रहिवासी लोकांच्या म्डेवाकांटन आणि वाहपेकुटे या शाखांशी करार झाला आणि १४ लाख १० हजार डॉलरच्या बोलीवर मिनेसोटाचा आग्नेय भाग अमेरिकी सरकारकडे गेला. बहुतेक रक्कम सरकारने स्वतःकडेच ठेवून तिचं व्याज वर्षासन म्हणून द्यायचं होतं. १८५३ च्या फेब्रुवारीत कराराची अंमलबजावणी जाहीर झाली. रेड विंग हे तोवर डकोटांचं गाव होतं आणि वाकूटा तिथला प्रमुख. त्याच वर्षी त्याच्या लोकांना मिनेसोटा नदीकाठच्या राखीव पट्ट्यात हलवायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षीच्या शरदात मॅट्सनची मंडळी आली. स्वीडिश वसाहतीच्या कौतुकात हा क्रम अनेकदा गाळला जातो, म्हणून प्रवासाची सुरुवात इथूनच करायला हवी.

मग बार्न ब्लफ ही टेकडी चढावी. तिचं डकोटा नाव ‘हे म्नी चान’. टेकडी, पाणी आणि लाकूड हे तीन शब्द त्यात आहेत. नदीपासून उंची सुमारे ३४० फूट. पायवाट पूर्वेकडच्या फिफ्थ स्ट्रीटवरून सुरू होते, तिथे गाड्यांना जागा थोडीच आहे, म्हणून अकराच्या आत पोचावं. वर जाऊन यायला तासभर. टेकडी डकोटांसाठी पवित्र आहे आणि तिच्यावर दफनाचे उंचवटे आहेत, तेव्हा पायवाट सोडू नये. कडेच्या गवतात पॉयझन आयव्ही असते. तीन-तीन पानांचे गुच्छ दिसले की हात लावायचा नाही. परतल्यावर पायावर गोचीड आहे का तेही तपासावं. माथ्यावरून पश्चिमेला पाहिलं की दऱ्यांच्या पलीकडे सपाट पठार दिसतं. उद्या तिकडे जायचं आहे.

संध्याकाळी गुडह्यू काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीचं संग्रहालय आणि मेन स्ट्रीटवरचं सेंट जेम्स हॉटेल. हॉटेल १८७०च्या दशकाच्या मध्यातलं, गव्हाच्या पैशातून उभं राहिलेलं. १८७३ मध्ये शेतकऱ्यांनी थेट विकलेल्या गव्हाच्या बाबतीत रेड विंग देशात पहिलं होतं आणि धक्क्यावरच्या गोदामांत दहा लाख बुशेलहून जास्त धान्य मावत असे. गव्हाचा बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलो. पुढे रेल्वेने हा गहू थेट मिनियापोलिसच्या गिरण्यांकडे वळवला आणि रेड विंगने चिनी मातीसारख्या जाड भांड्यांचे आणि बुटांचे कारखाने उभे केले.

वेळ उरला तर गावाबाहेर टॉवर व्ह्यूला अँडरसन सेंटर पाहावं. याच काउंटीत स्वीडिश शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या अलेक्झांडर अँडरसनने तांदूळ बंद नळीत तापवून, दाब एकदम सोडून फुलवण्याची कृती शोधली. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात हा तांदूळ तोफांमधून उडवून दाखवला होता. आपल्याकडे चुरमुरे तापल्या वाळूत फुलतात. तत्त्व एकच, दाण्यातल्या ओलाव्याची वाफ.

दुसरा दिवस : व्हासा

हा दिवस घाई न करता घालवावा. निघण्याआधी रेड विंगमध्येच पेट्रोल आणि खाणं घ्यावं. व्हासात काही मिळेल असं धरून चालू नये. मिनेसोटा हायवे १९ ने पश्चिमेला दहा-बारा मैल. रस्ता दरीतून वर चढतो आणि एकदम मोकळा होतो, तिथून पुढे जमिनीची मोजणी डोळ्यांना दिसू लागते.

सरकारी मोजणीत सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी टाउनशिप असते. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैल चौरस, म्हणजे ६४० एकर. सेक्शनचा चौथा भाग १६० एकर, सुमारे ६५ हेक्टर. एका कुटुंबाचा दावा एवढाच. खडीचे रस्ते बहुतेक सेक्शनच्या हद्दीवरून जातात, म्हणून दर मैलाला चौक येतो. बेल क्रीक आणि तिच्या ओघळींपाशी ही चौकट मोडते. मॅट्सन आणि त्याच्या सोबत्यांनी नेमकी अशीच जागा निवडली. तीन गोष्टी एकत्र हव्या होत्या: वाहतं पाणी, ओकची झाडी आणि कापण्याजोगं गवत. नुसत्या उघड्या माळावरची माती जास्त काळी आणि सुपीक होती, पण तिथे सरपण नव्हतं आणि हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो.

मॅट्सनबरोबर एस. जे. विलर्ड, कार्ल रूस आणि कॅम्पे ही मंडळी होती. पहिलं काम गवताचं. एका बैलाला दिवसाला दहा किलो धरलं तरी सहा महिन्यांना १८०० किलो लागतं. जोडीला साडेतीन टनांहून जास्त, आणि ते सगळं विळ्याने-कोयत्याने नाही तर लांब दांड्याच्या सायथने उभ्याने कापायचं. गंजीभोवती आग अडवायला गवत काढलेली पट्टी राखावी लागे, कारण शरदात वाळलेला माळ पेटला की गंजी गेली, आणि गंजी गेली की बैल गेले. माळ फोडायचं काम दुसऱ्या उन्हाळ्यात. त्यात चुका होत त्या खोलीच्या आणि वेळेच्या. गवताच्या मुळांचं जाळं इतकं दाट की नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. फोडणी मे अखेर ते जूनअखेर करायची आणि नांगर दोन-तीन इंचांपेक्षा खोल घालायचा नाही. पातळ ढेकूळ उलटून पडलं की उन्हाने मुळं कुजतात. खोल नांगरलं तर ढेकूळ उभंच राहतं, आणि उशिरा नांगरलं तर गवत मरत नाही, दोन्ही प्रकारांत पुढचं वर्ष वाया. त्याच वर्षी ढेकळांत कुऱ्हाडीने खाच पाडून मका टोचत. गहू तिसऱ्या वर्षी खरा हाताशी येई.

जमिनीचा दर एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १६० एकरांना २०० डॉलर. फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा १८६२ चा. व्हासाच्या पहिल्या लोकांना तो लागू नव्हता. त्यांनी १८४१ च्या प्रीएम्प्शन कायद्याखाली जमीन धरली: आधी राहायचं, कसायचं, मग सरकारी विक्रीच्या तारखेआधी रोख भरायची. अडचण इथेच होती. माणसाकडे शेत असे, घर असे, पण २०० डॉलर रोख नसत. तारीख चुकली तर कसलेली जमीन लिलावात जाई. सावकाराचं व्याज महिन्याला दोन-तीन टक्के. कागद इंग्रजीत, साक्षीदार लागत, लँड ऑफिस रेड विंगला. स्वीडनच्या तोफखान्यात कॅडेट राहिलेला आणि दोन वर्षं अमेरिकेत राबून इंग्रजी शिकलेला मॅट्सन अशा वेळी शेजाऱ्यांबरोबर जाई. पहिल्या काही वर्षांत या वस्तीला लोक मॅट्सनची वसाहत म्हणत. पुढे राजा गुस्ताव व्हासाच्या नावावरून व्हासा हे नाव पडलं.

टेकडीवरचं विटांचं चर्च १८६०च्या दशकाच्या शेवटी उभं राहिलं. मंडळी मात्र १८५५ ची, एरिक नोरेलियस या तरुण प्रवचनकाराने जमवलेली. विटा इथल्याच मातीच्या. खिडक्यांची रांग आणि मधला मनोरा बाहेरून पाहून चर्चला चक्कर मारावी आणि मग दफनभूमीत जावं. दगडांवरच्या जन्मगावांची नावं वाचली की स्कोने आणि स्मोलांड यांचा भरणा लक्षात येतो. १८५०-६० च्या दशकांतले लहान मुलांचे दगड थांबून पाहावेत. नोरेलियसने १८६५ मध्ये इथेच अनाथ मुलांसाठी आश्रम सुरू केला. त्याने रेड विंगमध्ये १८६२ ला काढलेली शाळा हलत हलत सेंट पीटरला गेली आणि आज तिचं गुस्तावस अडॉल्फस कॉलेज झालं आहे. गावातलं छोटं संग्रहालय ठराविक वेळीच उघडतं, आधी कळवून जावं. चर्चचं दारही रोज उघडं नसतं. रविवारची प्रार्थना संपताना पोचलं तर आतून पाहता येतं.

आता राजकारणाकडे. मॅट्सनने फार वर्षं शेती केली नाही. रेड विंगमध्ये त्याने धंदा आणि जमिनीचे व्यवहार सुरू केले आणि १८५७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला एक मोठी वित्तसंस्था कोसळली तेव्हा मिनेसोटातली रोकडच नाहीशी झाली. जमिनींचे भाव पडले, तो कर्जात बुडाला. मग तो रेड विंगच्या एका वकिलाकडे कायदा शिकला, वकिलीची सनद मिळवली आणि लवकरच गुडह्यू काउंटीचा ऑडिटर झाला. या पदाकडे अभ्यासक फारसं पाहत नाहीत, पण किल्ली इथे आहे. ऑडिटरकडे कराची यादी असे. कोणाची किती जमीन, किती कर, कोणाचा थकला, हस्तांतर कोणाकडे, सगळं त्याच्या वहीत. काउंटीतला प्रत्येक शेतकरी वर्षातून एकदा तरी त्याच्या खिडकीपाशी येई, आणि त्यात स्वीडिश-नॉर्वेजियन लोक खूप. स्वतःच्या भाषेत बोलणारा कारकून त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

दुसरी किल्ली मताधिकाराची. १८५७ च्या राज्यघटनेप्रमाणे मिनेसोटात मत द्यायला पूर्ण नागरिक असण्याची गरज नव्हती. गोऱ्या परदेशी पुरुषाने नागरिक होण्याचा इरादा कोर्टात लिहून दिला, म्हणजे पहिले कागद काढले, देशात एक वर्ष आणि राज्यात चार महिने राहिला की त्याला मत मिळे. ही सवलत १८९६ पर्यंत टिकली. बोटीतून उतरलेला शेतकरी दोन उन्हाळ्यांच्या आत मतदार होत असे, म्हणून त्याचे कागद भरून देणाऱ्या माणसाचं वजन पक्षाच्या सभेत वाढत जाई. नोरेलियसने रेड विंगमधून १८५७ मध्ये काढलेलं मिनेसोटा पोस्टेन हे राज्यातलं पहिलं स्वीडिश वृत्तपत्र जेमतेम वर्षभर चाललं, तरी निवडणूक, जमीन आणि गुलामगिरी या विषयांवर स्वीडिशमध्ये छापील मजकूर मिळू शकतो हे लोकांना कळलं. हे मतदार मोठ्या संख्येने रिपब्लिकन झाले त्याची कारणं साधी आहेत: गुलामगिरीला विरोध आणि फुकट जमिनीचं आश्वासन.

परतताना हायवे १९ ने पुढे कॅनन फॉल्सला जाऊन तिथे मुक्काम केला तरी चालतो. सायकल आवडणाऱ्यांना कॅनन फॉल्स ते रेड विंग जुन्या रेल्वेमार्गावरची कॅनन व्हॅली ट्रेल आहे, वीस मैलांची, जवळजवळ सपाट. पास घ्यावा लागतो. व्हासा त्या वाटेवर नाही, चढावर आत आहे.

तिसरा दिवस : फोर्ट स्नेलिंग आणि पार्क अव्हेन्यू

कॅनन फॉल्सहून हायवे ५२ ने तासाभरात फोर्ट स्नेलिंग. मिनेसोटा नदी इथे मिसिसिपीला मिळते. डकोटा लोक या संगमाला ब्दोते म्हणतात. किल्ला पाहण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, वेळा आधी बघाव्यात. सकाळीच जावं, कारण मैदानात सावली नाही.

१८६१ च्या शरदात मॅट्सनने शिकागोच्या हेमलांडेट या स्वीडिश वृत्तपत्रातून स्कँडिनेव्हियन लोकांना अमेरिकेच्या यादवी युद्धासाठी उत्तरेच्या सैन्यात येण्याचं आवाहन केलं. स्वीडिश आणि नॉर्वेजियन तरुणांची तुकडी जमली, ती तिसऱ्या मिनेसोटा रेजिमेंटची कंपनी डी झाली आणि मॅट्सन तिचा कॅप्टन. भरती आणि शपथ इथे, याच किल्ल्यात. त्या काळी कंपनी उभी करणारा माणूसच तिचा कॅप्टन होई. सैन्यातला हुद्दा अशा रीतीने आधीच्या ओळखींवर उभा राहत असे आणि युद्धानंतर तोच हुद्दा निवडणुकीत चाले.

या रेजिमेंटचा इतिहास सरळ नाही. १३ जुलै १८६२ रोजी टेनेसीत मर्फ्रीसबरो इथे कर्नल लेस्टरने अधिकाऱ्यांचं मतदान घेऊन दक्षिणेच्या फॉरेस्टच्या घोडदळापुढे शरणागती पत्करली, तीही रेजिमेंटचं फारसं नुकसान झालेलं नसताना. शरणागतीच्या बाजूने मत देणाऱ्या अधिकाऱ्यांना पुढे बडतर्फ केलं. सुटून आलेले शिपाई मिनेसोटात परतले तेव्हा डकोटांशी युद्ध पेटलं होतं. करारातली वर्षासनं थकली होती, राखीव पट्ट्यात उपासमार होती. २३ सप्टेंबरला वूड लेकच्या लढाईत ही रेजिमेंट मेजर वेल्चच्या हाताखाली लढली. त्या हिवाळ्यात किल्ल्याच्या खाली नदीकाठी सुमारे १६०० डकोटा बायका, मुलं आणि म्हातारी माणसं कुंपणात ठेवली होती. १३० ते ३०० माणसं तिथे मेली असा अंदाज आहे. ती जागा आज राज्य उद्यानात आहे. किल्ल्यावरून वेगळ्या रस्त्याने खाली उतरावं लागतं आणि बरेच लोक किल्ला पाहूनच परततात. तसं करू नये.

रेजिमेंट नंतर व्हिक्सबर्गला गेली, सप्टेंबर १८६३ मध्ये लिटल रॉक ताब्यात घेणाऱ्या फौजेत होती. आर्कान्सॉमध्ये तिची माणसं गोळ्यांपेक्षा हिवतापाने आणि जुलाबाने जास्त गेली. युद्ध संपलं तेव्हा मॅट्सन तिचा कर्नल होता आणि पुढे आयुष्यभर तो कर्नल मॅट्सन म्हणूनच ओळखला गेला.

दुपारी मिनियापोलिसमध्ये पार्क अव्हेन्यूवरचं अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट. १९०८ मध्ये पुरा झालेला हा ३३ खोल्यांचा वाडा स्वान टर्नब्लाडचा. तो आई-वडिलांबरोबर लहानपणी व्हासालाच आला होता आणि पुढे स्वेन्स्का अमेरिकान्स्का पोस्टेन या वृत्तपत्राचा मालक झाला. रंगीत चिनी मातीच्या ११ शेगड्या नक्की पाहाव्यात. शेजारच्या नव्या इमारतीतल्या कॅफेत मासे आणि मीटबॉल जास्त. शाकाहारी लोकांनी फलक आधी पाहून घ्यावा, दालचिनीचे बन मात्र असतातच.

चौथा दिवस : सेंट पॉल

कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, प्रवेश मोकळा आहे. इमारत १९०५ ची, मॅट्सनने पाहिलेली नाही. पहिल्या मुदतीत तो ज्या कॅपिटॉलमध्ये बसला ते १ मार्च १८८१ रोजी जळालं आणि १८८७ ते १८९१ या दुसऱ्या काळात तो तिथेच बांधलेल्या दुसऱ्या इमारतीत होता. आजच्या इमारतीत त्याच्या संदर्भात दोन चित्रं पाहायची. गव्हर्नरच्या रिसेप्शन रूममध्ये तिसरी मिनेसोटा रेजिमेंट लिटल रॉकमध्ये शिरतानाचं स्टॅन्ली आर्थर्सचं चित्र आहे. गव्हर्नरचा कार्यक्रम असला की ती खोली बंद असते, म्हणून आत शिरल्या शिरल्या चौकशी करावी. दुसरं, १८५१ च्याच उन्हाळ्यात डकोटांच्या इतर शाखांशी झालेल्या ट्रॅव्हर्स दे सू कराराचं. ते पूर्वी त्याच खोलीत होतं, डकोटा लोकांच्या आक्षेपांनंतर ते तिसऱ्या मजल्यावर, स्पष्टीकरणाच्या फलकांसह मांडलं आहे. दोन्ही एकाच सकाळी पाहिली की रेड विंगपासूनचा धागा हाती येतो.

मॅट्सन इथवर आला तो राज्याच्या इमिग्रेशन बोर्डाच्या वाटेने. १८६७ मध्ये बोर्ड स्थापन झालं आणि त्याला सचिव नेमलं. काम छपाईचं आणि वाहतुकीचं: जमिनीचे दर, पिकं, हवामान यांची पत्रकं स्वीडिशमध्ये छापायची, ती स्वीडनमध्ये वाटायची आणि आलेल्या लोकांना वाटेतल्या दलालांपासून वाचवून मिनेसोटात पोचवायचं. त्याच सुमारास, १८६७ ते १८६९, स्वीडनमध्ये लागोपाठ पिकं बुडाली. तो स्वतः मायदेशी गेला आणि १८६९ मध्ये शेकडो लोकांना घेऊन परतला. त्या शरदात रिपब्लिकन पक्षाने त्याला सेक्रेटरी ऑफ स्टेटची उमेदवारी दिली. स्कँडिनेव्हियन मतं पक्षाला हवी होती आणि त्यांचा माणूस यादीत असावा ही मागणी जोरात होती. मात्र एकच मुदत करून तो नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या जमिनी विकायला पुन्हा स्वीडनला गेला. रेल्वेचा पैसा ‘जे कुक’ या बँकरच्या पेढीचा, ती सप्टेंबर १८७३ मध्ये बुडाली. लोकप्रतिनिधी, सरकारी प्रचारक आणि रेल्वेचा विक्रेता या तीन भूमिका त्याने एकामागून एक सहज बदलल्या. त्या काळात याला कोणी फार आक्षेप घेत नसे, तरी त्याच्या पत्रकांतला गुलाबी मजकूर वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

कॅपिटॉलपासून पंधरा-वीस मिनिटं चालत मिनेसोटा हिस्ट्री सेंटर. तिथल्या गेल फॅमिली लायब्ररीत मॅट्सन कुटुंबाची कागदपत्रं आहेत. बॅग लॉकरमध्ये, पेन बाहेर, फक्त पेन्सिल आत. हस्तलिखितं मागणीपत्र भरून मागवावी लागतात, म्हणून संग्रहाचा क्रमांक कॅटलॉगमधून आदल्या दिवशीच टिपून ठेवावा आणि वाचनालयाचे वार तपासावेत. पत्रं बरीचशी स्वीडिशमध्ये, एकोणिसाव्या शतकातल्या हस्ताक्षरात. भाषा येत नसेल तर इंग्रजी कागदांपासून सुरुवात करावी.

मराठी वाचकाला कलकत्त्याची दोन वर्षं खास वाटतील. कॉन्सल जनरलचं रोजचं काम व्यापाराचं होतं: ताग, जवस, लाख, कातडी अशा अमेरिकेला जाणाऱ्या मालाची बीजकं तपासायची आणि बाजाराचे अहवाल पाठवायचे. तो काळही लक्षात घ्यावा. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, १८७३ मध्ये हिंदुस्थानातून जाणाऱ्या गव्हावरची निर्यात जकात उठली आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथला गहू युरोपच्या बाजारात अमेरिकेच्या गव्हासमोर उभा राहिला. व्हासाच्या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या भावाचा संबंध असा थेट हिंदुस्थानातल्या गव्हाशी जुळला होता. मॅट्सनच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक १८९१ मध्ये सेंट पॉलला निघालं, त्यात हिंदुस्थानावर प्रकरणं आहेत. हक्कमुक्त असल्याने ते इंटरनेटवर मोफत मिळतं आणि प्रवासाआधी वाचून ठेवलं तर व्हासाची टेकडी वेगळी दिसते.

५ मार्च १८९३ रोजी मॅट्सन मिनियापोलिसमध्ये वारला. दोनच महिने आधी नॉर्वेत जन्मलेला क्नूट नेल्सन राज्याचा गव्हर्नर झाला होता. स्वीडनमध्ये जन्मलेला पहिला गव्हर्नर जॉन लिंड १८९९ मध्ये आला. तोही लहानपणी आई-वडिलांबरोबर याच गुडह्यू काउंटीत उतरला होता. पाचवा दिवस हाती असेल तर लिंडचं घर न्यू अल्म गावात आहे, सेंट पॉलहून दोन तास, आणि वाटेत सेंट पीटरला नोरेलियसचं कॉलेज आणि ट्रॅव्हर्स दे सू कराराची जागा दोन्ही लागतात.